विमा मिळाला, औषधाचे काय?

ज्यांना परवडत नाही त्यांच्या उपचारांचा खर्च सरकारने उचलावा काय, हा वाद आपल्याकडे तत्त्वतः केव्हाच निकालात निघाला आहे. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहता कामा नये, असे भोर समितीने १९४६ मध्येच सांगून ठेवले होते. खरा प्रश्न आहे तो हा पैसा रुग्णापर्यंत कोणत्या वाटेने न्यायचा, हा.

महाराष्ट्राने विम्याच्या वाटेवर भर दिला. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये दीड लाखांचे संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढविण्याचा निर्णय झाला. हृदयशस्त्रक्रियेसाठी घर गहाण टाकण्याची वेळ त्यामुळे अनेकांवर आली नाही, हे मान्यच करायला हवे.

तथापि, ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या रुग्णाला दरमहा लागणाऱ्या गोळ्यांचा खर्च ती उचलत नाही. गोळ्या परवडत नाहीत म्हणून बंद केल्या आणि मूत्रपिंडे निकामी झाली, की डायलिसिससाठी मात्र योजना धावून येते! देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह असली, तरी उरलेला भार थोडा नाही.

ही उणीव भरून काढू शकतात ती सरकारी रुग्णालयेच. राज्याने ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले. पण केसपेपरचे पैसे माफ झाले आणि औषधाची चिठ्ठी बाहेरच्या दुकानाची मिळाली, तर त्या माफीला अर्थ राहत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते गाठले गेले नाही.

करदात्यांच्या पैशावर ही खैरात कशासाठी, असे विचारणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. रोग बळावल्यावर होणारा खर्चही करदात्यांच्याच माथी येतो, आणि तो कितीतरी मोठा असतो. विम्याचे कार्ड जरूर द्यावे. पण त्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात औषध असावे.