केरळ १९५९ : शाळा कुणाच्या?

चर्च विरुद्ध कम्युनिस्ट म्हटलं की लोक पोलंडचं उदाहरण देतात. मला केरळ जवळचं वाटतं.

१९५७मध्ये नंबूद्रिपादांचं सरकार निवडून आलं. शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी स्वतः कॅथलिक, पेशाने प्राध्यापक. खासगी शाळांतल्या शिक्षकांना सरकारने थेट पगार द्यावा, नेमणुकांत संस्थाचालकांची मनमानी थांबावी, असं त्यांचं विधेयक. शिक्षक म्हणून मी मुंडश्शेरींच्या बाजूचा. (पगारासाठी संस्थाचालकाच्या दारात उभं राहणं काय असतं, ते शिक्षकालाच विचारा!) चर्चला मात्र हा आपल्या शाळांवर घाला वाटला. ती भीती अगदीच खोटी नव्हती. १९५८मध्ये सुप्रीम कोर्टानेही काही तरतुदी घटनेच्या ३०व्या कलमाविरुद्ध ठरवल्या.

इथवर सगळं रीतसर होतं. पुढे चर्च, नायर संघटना, काँग्रेस आणि मुस्लिम लीग रस्त्यावर उतरली. अंगमालीत पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. त्याचा जाब मतदारांनी विचारायचा होता. पण ३१ जुलै १९५९ला केंद्राने बहुमतातलं सरकारच बरखास्त केलं. ३०व्या कलमासाठी लढणाऱ्यांना ३५६व्या कलमाचा हा वापर खटकला नाही, हे मला आजही खटकतं.

आणि लीगला काय मिळालं? १९६०ची निवडणूक मित्रपक्षांनी मिळून जिंकली. लीगला मंत्रिपद नाही, सभापतिपद मिळालं.