मालगाडी आणि आमचा नाशवंत माल

कापूरहोळच्या फाट्यावर उभें राहिलें म्हणजे पुणें-सातारा रस्त्यानें भाजीपाल्याचे ट्रक एकामागून एक जातांना दिसतात. येथें रेल्वे नाहीं. सासवडमार्गें जेजुरी किंवा नीरा गांठावी, तेव्हां पुणें-मिरज लोहमार्ग लागतो. मग मालगाडीचा व आपला संबंध तो काय, असें कांहीं वाचकांस वाटेल. संबंध खताच्या पोत्यापासूनच सुरू होतो.

उघड्या वाघिणींतून कोळसा व लोहखनिज जातें. बंद वाघिणींतून धान्य, साखर, सिमेंट व खत. टांक्यांच्या गाडीतून पेट्रोल व डिझेल. कोकण रेल्वेवर तर १९९९ पासून भरलेले ट्रकच सपाट वाघिणींवर चढवून कोलाडहून दक्षिणेकडे नेतात. परंतु यांपैकीं बहुतेक गाड्यांस पक्कें वेळापत्रक नसतें. प्रवासी गाडीस वाट देण्यासाठीं त्या बाजूस थांबतात. कोळशाचें त्यांत कांहीं बिघडत नाहीं. टोमॅटोचें बिघडतें, आणि अंजिरास तर एक रात्रही पुष्कळ होते. शिवाय बंद वाघिणींची पुरी गाडी सुमारें अडीच हजार टन माल घेते. एवढा माल कारखाना देऊं शकेल, एका गांवचे बागाईतदार नव्हेत. म्हणून खत आगगाडीनें येतें व भाजी ट्रकनें जाते.

७ ऑगस्ट २०२० रोजीं देवळालीहून बिहारांतील दानापुरास पहिली किसान रेल्वे निघाली. त्याच वर्षीं २८ डिसेंबरला शंभरावी गाडी सांगोल्याहून बंगालमधील शालिमारकडे गेली. भाड्यांतील निम्म्या सवलतीचा त्या वेळीं फार बोलबाला झाला. आमच्या मतें सवलत ही गौण गोष्ट होय. ती आज असते, उद्यां नसते. वेळ ठरलेली, वाटेंत अनेक थांबे, आणि थोडाही माल घेण्याची तयारी, हें त्या गाडीचें खरें मोल.

मुंबईस जाणाऱ्या भाजीस ट्रकच बरा, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. दोनदां चढउतार करून जवळच्या पेठेस माल नेण्यांत नुकसानच आहे. प्रश्न दिल्ली-कलकत्त्याचा आहे. पुरंदरचें सीताफळ व आपल्या भागांतील भाजी एकत्र करून ठरलेल्या वारीं नीरा किंवा जेजुरी येथें एखादा पार्सल डबा मिळावा, एवढीच मागणी रेल्वेकडे करावयाची आहे. त्यासाठीं कोणत्या महिन्यांत, कोणत्या वारीं, किती क्विंटल माल देतां येईल, हें सभासदांनीं आम्हांस लिहून कळवावें. हे आंकडे हातीं येईपर्यंत आम्ही अर्ज करणार नाहीं.