वस्तरा घरी आणावा की नाही?

देवळ्याच्या बाजारपेठेतल्या सलूनमध्ये खुर्चीवर मान मागे टेकली, की मिटल्या डोळ्यांनाही एक आवाज ओळखू येतो. दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडल्याचा. त्यातले अर्धे पाते कारागीर वस्तऱ्याच्या खाचेत सरकवतो, उरलेले अर्धे पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवतो आणि कल्ल्यापासून कामाला लागतो. उमराण्याला कांदा विकून परतणारा शेतकरी असो की हळदीला निघालेला नवरदेव, दहा मिनिटांत माणूस उजळून उठतो.

हे काम आता काही तरुणांना घरी, आपल्या हाताने करायचे आहे. मोबाइलवर झोलिंगेन आणि शेफिल्डचे जुने वस्तरे दिसतात, चामड्याच्या पट्ट्यावर सटासट फिरणारे पाते दिसते, आणि वाटते की आपणही शिकावे. घरातली वडीलधारी मंडळी यावर ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ एवढेच म्हणतात. (ती म्हण रचणाऱ्याला हे तरी ठाऊक होते, की न्हावी तुंबड्या लावून गावाचे दुखणेही काढत असे.) पण हौस आहे म्हणून ती उडवून लावू नये, आणि हौस आहे म्हणून डोळे झाकून तिच्या मागेही जाऊ नये.

पहिला घोळ नावातच आहे. आपण दोन वेगळ्या हत्यारांना वस्तरा म्हणतो. एक सलूनमधला, अर्धे पाते बदलायचा. तो शे-दोनशे रुपयांत मिळतो. दुसरा जुना, अखंड पोलादाचा. त्याचे पाते बदलत नाही, त्याला धार लावावी लागते. नवशिक्याला वाटते, स्वस्तातल्यावर हात बसवू आणि मग खऱ्याकडे जाऊ. हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. अर्ध्या पात्याला सांभाळायचे कष्ट नाहीत, पण चेहऱ्यावर ते जास्त कडक असते. पाते हलके, धार कारखान्यातली, टोके अणकुचीदार. हात जरा चुकला की ते माफ करत नाही. अखंड वस्तऱ्याचे वजन आपले आपण काम करते. नीट पोखरून घासलेले पातळ पाते कातडीवर किंचित लवते. म्हणजे सोप्याकडून अवघडाकडे जाणारी ही वाट नव्हे. दोन्हींची शिकवणी वेगळी.

अखंड वस्तऱ्यात दाढी करणे हे निम्म्याहून कमी काम आहे. खरी विद्या धारेची. कांद्याची पात कापायच्या विळ्याला दगडावर धार लावताना कोन आपण अंदाजाने धरतो. वस्तऱ्यात तो अंदाज घडवणाऱ्यानेच काढून टाकलेला असतो: पात्याची जाड पाठ आणि धार दोन्ही दगडावर सपाट टेकवायच्या, की कोन आपोआप जमतो. १००० नंबरच्या दगडावर धार बसवायची, ८००० च्या आसपास ती गुळगुळीत करायची. हे वर्षातून थोड्या वेळा. पट्टा मात्र दर दाढीआधी, तीस-चाळीस फेरे. पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे. वळवताना वस्तरा पाठीवरच लोळवायचा, उचलायचा नाही. मी दुसऱ्याच दिवशी घाईत तो उलटा नेला आणि नव्या पट्ट्याला बोटभर चीर पाडली. चेहऱ्यावर तेव्हा एक ओरखडा नव्हता. नवशिक्याचे पहिले नुकसान बहुधा असेच होते.

दाढीची रीत कोणताही जुना कारागीर दोन मिनिटांत सांगेल. गरम पाण्याने खुंट मऊ करायचे, कातडी ताणून धरायची, पात्याचा कोन तीस अंशांच्या आसपास ठेवायचा, हात सुलटा. पाते आडवे सरकले की ते दाढी करत नाही, कापते. सुरुवातीला फक्त दोन्ही गाल करावेत, बाकी नेहमीच्या रेझरने उरकावे. हनुवटी आणि वरचा ओठ सर्वांत शेवटी. ‘उलटी’चा मोह तर काही महिने आवरावा, कारण फार खोल कापलेले केस आत वळतात आणि मानेवर पुटकुळ्या येतात. कामावर जायची घाई असलेल्या सकाळी वस्तऱ्याला हात लावू नये. रविवार ठीक.

बाजूने बोलायचे तर बरेच आहे. जिलेट कंपनीने १९०३ साली अवघे ५१ रेझर विकले, आणि पुढच्या काही वर्षांत जगाला फेकून देण्याच्या पात्याची सवय लागली. नीट जपलेला वस्तरा दोन पिढ्या टिकतो, कचरा होत नाही. शिवाय आता दाढी राखायची चाल आहे. गालावरची आणि गळ्यावरची रेघ उघड्या पात्याइतकी स्वच्छ दुसऱ्या कशाने येत नाही.

विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दा रक्ताचा आहे. सलूनमध्ये अखंड वस्तरा जाऊन अर्धे पाते आले, त्यामागे १९९० च्या दशकात एड्सबद्दल झालेली जागृती होती. हेपटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवे पाते, यावर चर्चाच नको. घरीही ‘बापाचा वस्तरा लेकाला’ हे ऐकायला गोड आहे, पण एकाच वेळी दोघांनी एक वस्तरा वापरणे चूक. वारशाने आलेला असेल तर जंतुनाशकाने स्वच्छ करून, नव्याने धार लावूनच वापरावा. आणि न्हाणीघरात ठेवू नये, पोलाद गंजते.

दुसरा मुद्दा पोटाचा. २०२० च्या टाळेबंदीत राज्यातली सलून मार्चपासून बंद होती. २८ जूनला उघडली तेव्हा केस कापायची मुभा मिळाली, दाढीची नाही. त्या महिन्यांत अनेक पुरुष घरी दाढी करायला शिकले, आणि सगळेच काही परतले नाहीत. त्यामुळे कोणी ‘घरीच शिकतो’ म्हटले की कारागिराच्या कपाळावर आठी येते, ती उगाच नाही.

याहून अवघड गोष्ट जातीची आहे. धोकटीतला वस्तरा बलुतेदारीत एका समाजाच्या माथी मारला गेला. वर्षाकाठी धान्याच्या मोबदल्यात गावाची हजामत त्यानेच करायची आणि कमीपणाही त्यानेच सोसायचा. तेच हत्यार आज इतरांच्या घरी शौक म्हणून आरशाशेजारी मिरवते. शौक करणाऱ्याने निदान एवढे जाणून असावे, की वस्तरा कुठे चालवायचा नाही हेही याच समाजाने दाखवले: १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करणार नाही असे त्यांनी ठरवले.

सगळे तोलून माझा कौल असा. वेळ वाचवायला किंवा पैसे वाचवायला कोणी वस्तरा आणत असेल तर आणू नये. दगड, पट्टा, ब्रश धरून खर्च वाढतो आणि पहिले दोन-तीन महिने सलूनपेक्षा वाईट दाढी होते. हात थरथरत असतील, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, चेहऱ्यावर मुरुमांचा जोर असेल, तर विषय तिथेच संपला. ज्याला धार लावण्यातच रस आहे, त्याने मात्र जरूर शिकावे.

पण कुणाकडून? पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांत नाभिक व्यवसाय आहे. कारागिराला प्रशिक्षण, आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. सरकार ज्याला कारागीर म्हणते, त्याच्याकडे शिकायला जाताना आपल्याला संकोच वाटायचे कारण नाही. देवळ्यात आजही असे हात आहेत, ज्यांनी अर्धे पाते येण्याआधी दगडावर वस्तरे घासले. व्हिडिओत पट्ट्याचा आवाज ऐकू येतो, हाताचा दाब दिसत नाही. तो मनगट धरूनच शिकवावा लागतो. तेव्हा दुपारी सलून रिकामे असताना जा, तासभर समोर बसा, आणि त्या तासाचे पैसे दाढीच्या दराने नव्हे, शिकवणीच्या दराने द्या.