नेरळची गाडी आणि आपले गुडघे



पावसाळा सरून नवरात्र जवळ आले, की आमच्या दवाखान्यातील संभाषणाचा विषय बदलतो. ताप-खोकल्याच्या तक्रारींबरोबर सहलींची चौकशी सुरू होते. "डॉक्टर, दिवाळीच्या सुटीत रायगडावर जाणार आहोत, सासूबाईंना नेऊ का?" "मुलाकडे स्वित्झर्लंडला चाललो आहोत, तिथली बर्फातली रेल्वे मला झेपेल का?" भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात वर्ष काढणाऱ्या माणसाला जुन्या वास्तूंची आणि डोंगरातील रेल्वेची ओढ वाटावी, हे मी आरोग्याचेच लक्षण मानतो. म्हणून "नको" असे उत्तर मी सहसा देत नाही. त्यामागे माझी एक चूक आहे.

माझे वडील, अण्णा, शाळेत भूगोल शिकवत. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज, माथेरान ही स्थानके ते मुलांकडून एका दमात म्हणवून घेत. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी 1904 ते 1907 या काळात बांधलेला हा मार्ग, दोनच फूट रुंदीचे रूळ, सुमारे 21 किलोमीटरची वळणावळणांची चढण, हे सारे त्यांना तोंडपाठ होते. मात्र त्या गाडीत ते कधी बसले नव्हते. 2005 च्या उन्हाळ्यात ते म्हणाले, "अरे, एकदा ती गाडी दाखव मला." मी म्हणालो, "पाऊस संपला की जाऊ, अण्णा."

त्या वर्षी 26 जुलैच्या अतिवृष्टीने घाटातील रूळ उखडले आणि गाडी बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली 2007 मध्ये. तोवर अण्णांचे गुडघे इतके आखडले होते, की डब्याची पायरीही त्यांना चढवेना. नेरळच्या फलाटावरील बाकावर बसून त्यांनी ती चिमुकली गाडी सुटताना पाहिली आणि आम्ही परत आलो. गुडघेदुखीची तक्रार त्यांनी दोन वर्षांपूर्वीच केली होती. "वयाचे दुखणे आहे" असे म्हणून मी ती बाजूला सारली होती. दुसऱ्या कोणा रुग्णाने तेच सांगितले असते, तर मी त्याला तपासून व्यायाम शिकवला असता.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना काही पाहायचे असेल, तर तारीख ठरवा आणि तयारी आजच सुरू करा.

निघण्यापूर्वी सहा आठवडे

खुर्चीवर ताठ बसावे. एक पाय गुडघ्यात सरळ करून दहापर्यंत अंक मोजावेत व सावकाश खाली आणावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचे स्नायू बळकट झाले, की गुडघ्यावरील भार हलका होतो. जोडीला रोज चालावे. सुरुवात पंधरा मिनिटांनी करून वेळ हळूहळू वाढवावी.

दोन मजले न थांबता चढून पाहावेत. छातीवर दडपण येणे, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाणे, दरदरून घाम फुटणे, यांपैकी काहीही झाले तर त्याला गॅस समजू नये. तेथेच थांबावे. थांबूनही त्रास ओसरला नाही, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ओसरला, तरी हृदयाची तपासणी झाल्यावाचून प्रवासाला निघू नये.

पायऱ्यांचे गणित

जुन्या वास्तूंच्या पायऱ्या उंच, झिजलेल्या आणि बहुधा कठड्याविना असतात. पुष्कळांना चढण्याची धास्ती असते, परंतु गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते. पायरी उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो. म्हणून चढताना चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. रायगडावर रोपवे आहे. त्याचा उपयोग करण्यात कमीपणा नाही. शक्ती गड पाहण्यासाठी राखावी.

सराव जवळच करावा. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातील, 1060 मधील. त्याचे गर्भगृह मंडपाच्या पातळीपेक्षा खाली असून तेथे पायऱ्या उतरून जावे लागते. एवढ्या पायऱ्या सहज जमल्या, की पुढचा बेत आखावा. ज्यांना पायऱ्या पूर्ण वर्ज्य आहेत, त्यांनी मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस समोरच्या पदपथावरून निवांत न्याहाळावे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची ही वास्तू 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिच्यावरील पाने, फुले, पशुपक्षी यांच्या कोरीव कामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे.

वळणे आणि उंची

माथेरानच्या गाडीत वळणांमुळे अनेकांना मळमळते. निघण्यापूर्वी हलके खावे, उपाशी राहू नये. मोबाइलमध्ये डोके घालण्याऐवजी दूरच्या डोंगरावर नजर ठेवावी. नेहमी त्रास होणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून अर्धा तास आधी गोळी घ्यावी. पूर्ण प्रवासाला दोन तासांहून अधिक लागतात. इतके बसवत नसेल, तर मोटारीने दस्तुरीपर्यंत जाऊन अमन लॉजहून माथेरानपर्यंतची छोटी फेरी करावी.

माथेरानची उंची सुमारे आठशे मीटर. तेथे विरळ हवेची भीती नाही. स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख स्थानक मात्र 3,454 मीटरवर आहे. 1912 पासून रेल्वे तेथवर जाते आणि प्रवासी काही तासांतच त्या विरळ हवेत पोहोचतो. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी व फुप्फुसांचा जुना आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या संमतीशिवाय तेथे जाऊ नये. इतरांनीही वर पोहोचल्यावर धावपळ टाळावी. डोके दुखू लागले, मळमळले किंवा दम लागला, तर पुढच्या गाडीने खाली यावे. उतरणे हाच तेथील पहिला उपचार.

पिशवीत काय असावे

औषधे मोठ्या सामानात टाकू नयेत. हाताशी ठेवावीत आणि चिठ्ठीही सोबत असावी. मधुमेही व्यक्तीने जेवणाची वेळ चुकवू नये. खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे असू द्यावीत. आणखी एक गोष्ट विशेषतः भगिनींसाठी. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून दिवसभर पाणी न पिण्याची सवय सोडावी. भोवळ आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग घेऊन परतणाऱ्या कितीतरी जणी मी दर सुटीनंतर पाहतो. स्वच्छतागृह कोठे आहे याची चौकशी तिकीट काढतानाच करून ठेवावी.

2019 च्या पावसात माथेरानचा मार्ग पुन्हा खचला आणि संपूर्ण गाडी धावण्यास ऑक्टोबर 2022 उजाडले. शंभर वर्षांहून जुनी गाडीही आपल्यासाठी थांबून राहतेच असे नाही. म्हणून आज रात्री जेवताना घरातील मोठ्यांना दोन प्रश्न विचारा. "तुम्हाला काय पाहायचे राहिले आहे?" आणि "गुडघे कसे आहेत?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "ठीक आहे, वयाचे आहे" असे आले, तर त्यावर समाधान मानू नका. त्यांना तपासायला घेऊन या.