भोपळ्याचं हसू आणि आजीचं शून्य



मे महिन्याची सुट्टी म्हणजे भाचरांनी मामाच्या घरी ठाण मांडायचे दिवस! या वर्षी माझी सहावीतली भाची आली ती बेत ठरवूनच.

"मामा, ती म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून परत येते ना, ती गोष्ट आपण भोपळ्याच्या तोंडून सांगायची. भोपळा बोलणार, हसणार, भुवया उडवणार. आवाज आजीचा!"

आजी म्हणजे माझी आई. गोष्ट सांगावी तर तिनंच! तिनं ती रंगवून सांगितली आणि भाचीनं फोनवर टिपून घेतली.

आता भोपळा बोलणार कसा? त्यासाठी आम्ही 'ब्लेंडर' नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. ते फुकट मिळतं, बरं का! २००२ साली ते सर्वांसाठी खुलं झालं आणि डिसेंबर २०११ च्या आवृत्तीत त्याला एक नवी विद्या आली. चलचित्रातला एखादा ठिपका कुठून कुठे गेला, याचा माग ते काढू लागलं. चेहऱ्यावर ठिपके लावून चित्रण करायचं. ओठाच्या कोपऱ्यावरचा ठिपका वर गेला की भोपळ्याच्या ओठाचा कोपराही वर! २००९ सालच्या 'अवतार' सिनेमातल्या नटांच्या चेहऱ्यावर असेच ठिपके होते आणि डोक्यावरच्या टोपीला चेहऱ्यासमोर येणारा छोटासा कॅमेरा. आमच्याकडे तसली टोपी कुठली! पण ठिपक्यांसाठी टिकल्यांचं पाकीट होतं की!

भोपळा मी तयार करून दिला. भाचीनं स्वतःच्या चेहऱ्यावर टिकल्या लावल्या आणि आजीच्या आवाजाबरहुकूम १० सेकंद ओठ हलवले. मग फोनवरची ती फिल्म थेट संगणकात घातली. मी मुद्दामच गप्प बसलो.

काय झालं असेल? आवाज संपला, तरी भोपळ्याचं तोंड पुढे अडीच सेकंद चालूच! भाचीनं मान हलवली तेव्हा त्याचे ओठ सरकून गालावर गेले. आणि ती गप्प बसली होती तिथे भोपळ्याचा चेहरा असा, की आता रडतो की मग रडतो!

"सॉफ्टवेअरच बिघडलंय," भाची फुरंगटून म्हणाली.

"सॉफ्टवेअर नाही बिघडलं, मांडामांड चुकली," मी म्हटलं. "पाटी न पुसता गणित सोडवायला बसलीस. चल, नवा प्रोजेक्ट उघडू."

'फाइल'मध्ये 'न्यू' आणि त्यात 'व्हीएफएक्स' निवडलं, की माग काढायची सगळी साधनं समोर येतात. पण घाई करायची नाही. आधी तीन गोष्टी ठरवायच्या.

पहिली गोष्ट वेळेची. फिल्म म्हणजे भराभर दाखवलेली सुटी चित्रं. आमच्या फोननं सेकंदाला ३० चित्रं काढली होती, म्हणजे १० सेकंदांत ३००. ब्लेंडर मात्र आपण काही सांगितलं नाही तर सेकंदाला २४ धरतं. आता ३०० ला २४ नं भागा बरं! उत्तर साडेबारा. आवाज १० सेकंदांत संपला आणि चित्रं साडेबारा सेकंद पुरली. म्हणून सुरुवातीलाच 'फ्रेम रेट' ३० करून टाकायचा.

दुसरी गोष्ट पायाची. आपण बोलतो तेव्हा चेहरा हलतो आणि डोकंही हलतं. दोन्ही वेगळं कसं करणार? नाकाच्या दांड्यावर एक टिकली आणि दोन्ही कानांजवळ एकेक. या जागा हसल्या-बोलल्यानं फारशा हलत नाहीत. या तीन टिकल्यांवरून डोकं किती हललं ते कळतं. तेवढं वजा केलं की उरतं ते चेहऱ्याचं हलणं.

आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट शून्याची. ठिपका 'किती' हलला हे सांगायचं तर 'कुठून' हे आधी ठरायला हवं. म्हणून सुरुवातीचे दोन सेकंद तोंड मिटून, ना हसू ना राग, असं शांत बसायचं. ते त्या चेहऱ्याचं शून्य. भाचीनं कॅमेरा सुरू केला तेव्हा ती खुदुखुदु हसत होती. संगणकाला वाटलं, हाच हिचा रोजचा चेहरा! मग ती नुसती गप्प बसली तरी त्याच्या हिशेबी ओठ खाली उतरले, आणि भोपळा झाला रडवेला.

भाचीला एकदम पटलं. लगेच ती म्हणाली, "मग या वेळी चेहराही आजीचाच घेऊ! आवाज तिचा नि ओठ माझे, असं नकोच."

आई मात्र नको म्हणाली. दोन वर्षांपूर्वी तिच्या तोंडावरून वारं गेलं होतं. औषधपाण्यानं बरीच सुधारणा झाली, तरी डावीकडचा ओठ थोडा खाली राहिलाच. तेव्हापासून ती फोटोही काढू देत नाही. "माझं वाकडं तोंड कशाला त्या भोपळ्याला?" असं म्हणून ती पदर सावरत आत गेली.

भाची मागोमाग गेली. मला बाहेर ऐकू येत होतं.

"अगं आजी, त्याला सरळ नि वाकडं कळतच नाही. तू शांत बसलीस की तुझा ओठ जिथे असेल तेच तुझं शून्य. ते फक्त तिथून पुढचं मोजतं."

बराच वेळ काही आवाज नाही. मग आई बाहेर आली. "लावा बाई टिकल्या. कपाळावर तर माझी एक आहेच!"

ती टिकली मात्र पायाला चालली नाही. भुवया उडाल्या की तीही हलायची! खड्यांच्या टिकल्याही बाजूला ठेवल्या. त्या चमकतात, चमक बदलते आणि माग सुटतो. साध्या काळ्या टिकल्या उत्तम. प्रत्येक टिकलीभोवती संगणकावर दोन चौकोन बसवले. आतला सांगतो कोणाला शोधायचं, बाहेरचा सांगतो पुढच्या चित्रात कुठे शोधायचं. आई खळखळून हसली तेव्हा ओठांवरच्या टिकल्या बाहेरच्या चौकोनातून निसटल्या. मग तो चौकोन थोडा मोठा केला.

संध्याकाळी भोपळा बोलू लागला. आवाज आणि ओठ अगदी बरोबर! हसताना त्याचा उजवा कोपरा वर जायचा आणि डावा जरा मागे राहायचा.

मी हळूच म्हटलं, "आई, उजवीकडची मापं डावीकडे उतरवता येतील. हसू दोन्हीकडे सारखं होईल."

आईनं ते १० सेकंद पुन्हा पाहिले. पुन्हा एकदा पाहिले.

"राहू दे," ती म्हणाली. "मी अशीच हसते."

नंतर भाचीनं दोघींचा फोटो काढला. आईनं पदर तोंडावर घेतला नाही.

तुम्हीही करून पाहा. घरात कोणाचाही चेहरा टिपायचा तर आधी त्यांना विचारा, आणि ते हो म्हणाले तरच पुढे जा. मग वेळ, पाया आणि शून्य ठरवा, त्यानंतरच गंमत!

जाता जाता एक कोडं. एका मुलानं सेकंदाला २५ चित्रं अशी १२ सेकंदांची फिल्म काढली आणि प्रोजेक्ट मात्र ३० वर ठेवला. त्याचा भोपळा आवाजाच्या आधी गप्प होईल की नंतर? आणि किती सेकंदांनी? आईबाबांना न विचारता सोडवा हं! उत्तर पुढच्या आठवड्यात.

तुमचा,
मामा