आधी चालणाऱ्याची वाट आखा

आमच्या घराजवळच्या मॉलला गाडीने गेलात तर रुंद प्रवेशद्वार आहे, रखवालदाराचा सलाम आहे आणि तळघरातल्या पार्किंगपर्यंत नेणारे बाण आहेत. बसमधून उतरून चालत गेलात तर फुटपाथ मध्येच संपतो. पुढे पार्किंगच्या उताराचे तोंड ओलांडावे लागते. मागच्या ईदच्या खरेदीला अम्मी तिथे बराच वेळ अडकली होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात माझ्या मुलीचा हात, आणि समोर गाड्यांची न संपणारी रांग.

आता हा मॉल पाडून नवा होणार आहे. बाहेर लावलेल्या चित्रात काचेच्या भिंती आहेत, झाडे आहेत, वरच्या मजल्यांवर ऑफिसे आहेत. अम्मी आत कुठून जाणार, हे मात्र त्या चित्रात दिसत नाही.

ही गोष्ट एका मॉलची नाही. मुंबईत ताडदेवचे क्रॉसरोड्स १९९९ मध्ये सुरू झाले. त्यानंतर शहराशहरांत उभ्या राहिलेल्या मॉलपैकी काही बंद पडले, तर काहींच्या जागी नवे बांधकाम होते आहे. पुनर्विकास म्हणजे जुनी चूक सुधारण्याची संधी. पण ती कागदावर असते तोवरच. एकदा काँक्रीट पडले की जिना रुंद होत नाही. मग उरतो तो फक्त शिट्टी वाजवणारा रखवालदार.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या कामात सर्व्हर सरासरी वापरावर जोखत नाहीत, सगळ्यात जास्त ताण येईल त्या क्षणावर जोखतात. इमारतीचेही तसेच असायला हवे. मंगळवारी दुपारी प्रत्येक मॉल सुरक्षितच वाटतो. त्याची खरी परीक्षा ईदच्या किंवा दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी होते.

हिशेब अवघड नाही. एक मीटर रुंदीच्या सपाट वाटेवरून मिनिटाला साधारण ८० माणसे जाऊ शकतात. जिन्यावरून त्याहून कमी. आत ३,००० माणसे आहेत आणि दोन मीटरचे एकच दार उघडे आहे, असे समजा. सगळ्यांना बाहेर पडायला जवळपास १९ मिनिटे लागतील. तशीच चार दारे उघडी असतील आणि गर्दी सारखी विभागली गेली, तर पाच मिनिटे पुरतील. म्हणजे ‘चोरी होते’ म्हणून कुलूप लावलेले किंवा मालाच्या खोक्यांनी अडवलेले प्रत्येक दार ही वेळ वाढवत असते. शिवाय घाबरलेला माणूस बहुधा ज्या दाराने आला त्याच दाराकडे धावतो. त्यामुळे बाहेर पडायच्या वाटा रोजच्या वावरातल्या हव्यात. मागच्या अंधाऱ्या बोळात लपवलेल्या नकोत.

वाट अपुरी पडली की काय होते, हे आपण पाहिले आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ माणसे गेली. तिथे आग नव्हती, स्फोट नव्हता. पाऊस होता, अरुंद जिना होता आणि एकाच वेळी आलेली गर्दी होती. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलला आग लागली. ती पूर्ण विझायला दोन दिवसांहून जास्त लागले आणि शेजारच्या उंच इमारतीतल्या सुमारे ३,५०० रहिवाशांना घर सोडून बाहेर यावे लागले. मॉलची वाट फक्त गिऱ्हाइकाची नसते, शेजाऱ्यांचीही असते.

मग मागायचे काय? बस थांब्यापासून दुकानापर्यंत एकच सलग वाट. इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वे फुटपाथला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगतात. दुकानांसमोर ती ३.५ ते ४.५ मीटर असावी म्हणतात. गाड्यांचा रस्ता फुटपाथला छेदतो तिथे फुटपाथ खाली उतरू नये, गाडीने वर चढावे. म्हणजे वेग आपोआप कमी होतो. मालाच्या ट्रकचे गेट वेगळे असावे. रिक्षा थांबायला जागा आखलेली असावी, नाहीतर ती फुटपाथसमोरच थांबणार. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार एकास बारापेक्षा तीव्र नसावा, आणि तो मागच्या दाराला नव्हे, मुख्य दारालाच असावा.

बिल्डर म्हणेल, यात दुकानांची जागा जाते. थोडी जाते, हे खरे. पण जिथे म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया निर्धास्त येतात, तिथे गिऱ्हाईक टिकते. आणि हा केवळ सोयीचा प्रश्नही नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा फुटपाथचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आहे.

हा हक्क नकाशावर उतरवून घेणे आपले काम आहे. तुमच्या भागात असा पुनर्विकास असेल तर माहिती अधिकारात पालिकेकडे मंजूर नकाशा मागा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. त्यात बाहेर पडायच्या दारांची संख्या आणि रुंदी पाहा. एखाद्या शनिवारी संध्याकाळी जुन्या गेटवर उभे राहून दहा मिनिटांत किती माणसे चालत आली आणि किती गाडीने, ते मोजा. मग दोन्ही कागद घेऊन नगरसेवकाला भेटा.

आम्हीही पुढच्या शनिवारी मोजायला उभे राहणार आहोत. कुठे अडकायला होते हे दाखवायला अम्मी सोबत येणार आहे.