सोन्याच्या नालांचं गाव

मुलांनो, घोड्याच्या पायांत चक्क सोन्याचे नाल! थट्टा नाही हं. ऑस्ट्रेलियातल्या बीचवर्थ गावात १८५५ साली डॅनियल कॅमेरॉन नावाचे निवडणुकीचे उमेदवार अशा घोड्यावर बसून मिरवत आले होते, असं तिथले लोक अजून सांगतात.

मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी माझ्या दादाकडे मेलबर्नला गेले होते. तिथून ईशान्येला मोटारीने साधारण तीन तासांवर हे गाव. आपल्याकडे आंबे पिकत होते आणि तिथे पानगळीचा ऋतू! गावातली जुनी कचेरी, तुरुंग, सगळं मधाच्या रंगाच्या ग्रॅनाईट दगडाचं. संग्रहालयाला रॉबर्ट बर्क यांचं नाव दिलंय. ते काही वर्षं इथले पोलीस अधिकारी होते. पुढे १८६० मध्ये ते दक्षिणेकडून उत्तरेकडे अख्खं खंड ओलांडायला निघाले आणि परतीच्या वाटेवर १८६१ मध्ये उपासमारीने गेले. त्यांच्या मोहिमेसाठी दोन डझन उंट जहाजाने कराचीहून आणले होते, आणि तेव्हा कराची आपल्या मुंबई इलाख्यात होती. आहे की नाही गंमत?

पण आम्हांला गावापेक्षा गावाबाहेर भटकायचं होतं. माझा भाचा निनाद अकरा वर्षांचा. त्याला फक्त सोनं हवं होतं! इथे १८५२ साली ओढ्यात सोनं सापडलं आणि हजारो माणसं धावत आली. आजही ठरावीक जागी हौसेने सोनं शोधता येतं, मात्र परवाना लागतो. त्याचं नाव दीडशे वर्षांपूर्वीचंच, ‘मायनर्स राइट’. दादाने तो काढून ठेवला होता.

आम्ही रीडी क्रीक नावाच्या ओढ्यावर गेलो. परातीसारखं पसरट भांडं घ्यायचं, त्यात वाळू आणि पाणी घालून गोल गोल हलवायचं. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड असतं, साधी वाळू तीनपटसुद्धा नसते. म्हणून वाळू पाण्याबरोबर वाहून जाते आणि सोनं तळाला बसतं. आपल्या घरी आजी तांदूळ रोळून खडे काढते ना, तसंच काहीसं. तासभर कंबर मोडून घेतल्यावर निनाद ओरडला, “आत्या, सापडलं!” भांड्यात खरंच काहीतरी चमचमत होतं. पण भांडं हलवलं की ते पाण्याबरोबर तरंगून वर येई. अभ्रक होतं ते! सोनं असं उडत नाही. निनादचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगू, क्षणभर मीही फसले होते.

थोडं पुढे वूलशेड धबधबा आहे. तिथला कातळ उघडाबोडका दिसतो. सोन्यापायी लोकांनी ओढ्याचं पाणी वळवलं, तळाची मातीसुद्धा धुऊन नेली.

परत येताना आम्ही गावाच्या दफनभूमीत थांबलो. एका बाजूला चिनी अक्षरं कोरलेल्या दगडांच्या रांगा आहेत. सोनं शोधायला चीनमधूनही खूप लोक आले होते. १८५७ साली जवळच्याच बकलंड खोऱ्यात गोऱ्या खाणकामगारांनी त्यांना मारझोड करून हुसकावलं, त्यांचे तंबू जाळले. त्याच वर्षी इथे दोन मनोरे बांधले गेले. त्यांत प्रार्थनेचे कागद जाळायचे, म्हणजे ते गेलेल्या माणसाला पोचतात अशी त्यांची श्रद्धा. दादा तिथे बराच वेळ उभा राहिला. २०२१ मध्ये आमचे बाबा गेले, तेव्हा करोनामुळे ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या. दादाला येता आलं नाही. फोनवरच त्याने सगळं पाहिलं. मी काही बोलले नाही. निनादने मात्र त्याचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी माउंट पायलट. हा ५४५ मीटर उंचीचा ग्रॅनाईटचा डोंगर. जानेवारी २००३ मध्ये इथे मोठा वणवा लागला होता. वणव्यानंतर निलगिरीच्या काळ्या पडलेल्या खोडांतून पुन्हा कोंब फुटतात. काळ्या सायप्रसचं तसं नाही. तो जळाला की मेलाच, पण त्याचं बी रुजतं. वाटेत तुम्हांला त्याची एकसारख्या उंचीची झाडं दिसली, की ती एकाच वयाची असणार असं खुशाल समजा.

डोंगराच्या पायथ्याशी येडोनबा नावाची जागा आहे. इथल्या मूळच्या लोकांनी कातळावर तांबड्या गेरूने एक प्राणी रंगवलाय. निनाद म्हणाला, “हा तर कुत्रा!” नीट पाहिलं, तर पाठीवर पट्टे. तो थायलसिन असावा, असं जाणकार मानतात. पिलाला पिशवीत वाढवणारा, कुत्र्यासारखा दिसणारा प्राणी. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. टास्मानिया बेटावर मात्र टिकला होता. शेवटचा ज्ञात थायलसिन १९३६ मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. म्हणजे चित्र त्याचंच असेल, तर काढणाऱ्याने तो इथेच, याच झाडीत पाहिला असणार!

दादा घाई करत होता, कारण अंधार पडताना कांगारू रस्त्यावर येतात. निनाद माझ्या वहीत ते चित्र काढत बसला होता. रंग इतका झिजलाय, की पट्टे मोजता येईनात.

“आत्या, किती काढू?”

“दिसतात तेवढेच काढ,” मी म्हटलं.

त्याने चार काढले, मग कातळाच्या अगदी जवळ जाऊन पुन्हा पाहिलं आणि पाचवा काढला.